मंगळ्याचा अर्धा किस्सा

२ जुलै, बुधवार

मॅडम म्हणाल्या, रोज थोडं लिहा. रोज लिहायला मी काय तलाठी आहे? आठवीत शाळा सुटली, त्यानंतर पेन धरलं ते हजेरीवर सही मारण्यापुरतं. तरी लिहितोय, कारण मला कागद पाहिजे. कंपनीच्या सेफ्टीवाल्यानं सांगितलंय, डोक्याच्या डॉक्टरकडून लिहून आण की तू वर चढायला ठीक आहेस, त्याशिवाय टॉवरला हात लावायचा नाही. कागद मिळाला की ही वही चुलीत.

झालं ते एवढंच. मी राजस्थानात विजेच्या मोठ्या लाईनचे टॉवर उभे करतो. एप्रिलमध्ये माझा जोडीदार मंगळ्या वरून पडला आणि गेला. त्यानंतर मी दोनदा चढायला गेलो. दोन्ही वेळा थोडं वर गेल्यावर हात लोखंडाला चिकटले ते सुटेनात. दोघांनी वर येऊन माझी बोटं एकेक करून सोडवली, शेंगा सोलतात तशी. खाली सगळी गँग तोंड वर करून बघत होती. मग मला घरी पाठवलं. घर म्हणजे कुंभिवलीच्या आतल्या अंगाला, जिथं बसून फक्त हायवेवरच्या गाड्यांचे हॉर्न ऐकायचे.

मॅडम भिसेगावात राहतात. त्यांच्या बंगल्याला चिकटून पत्र्याची एक खोली आहे, तिलाच दवाखाना म्हणायचं. औषध नाही, सुई नाही, कंपाउंडर नाही. दोन खुर्च्या, कुंडीत एक प्लास्टिकचं झाड, टिशूचा डबा आणि एक घड्याळ, ते पण असं लावलंय की त्यांनाच दिसतं. नाव ईशानी. माझ्यापेक्षा फार तर दोन-तीन वर्षांनी मोठ्या असतील. ही मला बरं करणार! जन्मात आंब्याच्या झाडावर तरी चढली असेल का?

वर नियम सांगितले. म्हणे, "रस्त्यात भेटलो तर मी आपणहून ओळख दाखवणार नाही. तुम्ही दाखवलीत तर बोलेन."

मी म्हटलं, "का? लाज वाटते?"

"नाही. तुम्ही इथे येता हे कुणाला कळावं की नाही, ते तुम्ही ठरवायचं."

जसं काय कर्जतच्या बाजारात माझी मिरवणूक निघणार आहे.

९ जुलै, बुधवार

आईनं पिशवीभर करटोली दिली होती. स्वतः रानात जाऊन, चिखल तुडवत काढलेली. "मॅडमना दे. रिकाम्या हातानं जाऊ नये रं."

मॅडमनी घेतली नाहीत. हात जोडून म्हणाल्या, "आईंना सांगा, आवडली असती. पण इथे येणाऱ्यांकडून मी काही घेत नाही."

"भाजी हाय वो. लाच नाय."

"माहीत आहे."

माहीत आहे म्हणे. घरी येऊन सांगितलं तर आई करटोली चिरायला बसली. नंतर म्हणाली, "आपल्या हातचं चालत नसंल त्यांना." पुस्तकं वाचून माणसाला एवढं पण कळत नाही, की दारात आलेली भाजी परत पाठवली की देणाऱ्याच्या तोंडात मारल्यासारखं होतं.

तासभर मला विचारत बसल्या, झोप कशी लागते, जेवण जातं का. हे तर आई फुकटात विचारते.

१६ जुलै, बुधवार

आज मजा झाली. मधेच पाऊस असा आला की पत्र्यातून धार लागली, ती बरोबर टिशूच्या डब्यावर. आता पुसा डोळे! मॅडम बादली घेऊन इकडून तिकडे. मी म्हटलं, शिडी हाय का? त्या म्हणाल्या, राहू द्या, माणूस बोलावते. भर पावसात कोणता माणूस येतो? मागच्या पडवीत शिडी दिसली, ती लावली आणि गेलो वर. पत्रा सरकला होता, आकड्याचा बोल्ट निघाला होता. ताडपत्री पसरली, दगड ठेवले, वाकून बोल्ट बसवला. खाली मॅडम शिडी धरून भिजत उभ्या.

"सांभाळून," म्हणत होत्या. मला. सांभाळून!

उतरलो तेव्हा लक्षात आलं, मी चढलो होतो. हात चिकटले नाहीत की काही नाही. म्हणजे आजार वगैरे सगळी थापच.

मग त्यांचे वडील गोपाळकृष्ण सर बाहेर आले. पूर्वी शाळेत गणित शिकवायचे. म्हणाले, "अहो, एवढा भिजलात, असे कसे जाल?" आत नेलं, टॉवेल दिला. त्यांच्या आई विमलताईंनी पोहे केले, वर ओलं खोबरं. जेवायच्या टेबलावर बसवलं. सर विचारत होते टॉवर किती उंच, तार कशी ओढतात. मी सांगत होतो. मॅडम एवढा वेळ दाराशी उभ्या, बसल्या नाहीत. केस ओले होते आणि उजव्या हाताच्या बोटाला शाई लागलेली. मधेच मी सांगितलं की वरून पाहिलं तर उंटाची रांग मुंग्यांसारखी दिसते, तेव्हा हसल्या. लगेच हसू आवरलं, जसं काय हसण्याचा पण नियम आहे.

पोहे बरे होते. मीठ कमी.

२३ जुलै, बुधवार

आज एकच प्रश्न धरून बसल्या. "मंगळ पडला, त्याच्या आधी तुम्ही दोघं काय करत होतात?"

"काम."

"बोलत होतात?"

"नाय."

खोटं बोललो. मंगळ्या कधी गप्प असायचा का? पगारापेक्षा त्याला किस्से जास्त मिळायचे. त्या दिवशी पण सांगत होता. एक नवा जावई पहिल्यांदा सासुरवाडीला जातो, दाबून जेवतो. सकाळी पोट बिघडतं म्हणून डबडं घेऊन रानात पळतो, एका झुडपामागे बसतो. त्याच झुडपाच्या पलीकडे सासरा बसलेला असतो. सासरा आवाज ऐकून विचारतो, "कोण हाय रं तिकडं?" तर जावई म्हणतो...

एवढंच. कमरेच्या सेफ्टी पट्ट्याचा एक हूक पुढं लावायला त्यानं काढला होता, दुसरा हूक त्यानं लावलाच नव्हता. कोणीच लावत नाही, वेळ जातो. मी हसतच होतो. जावई काय म्हणाला ते ऐकायला मान वळवली, तर तिथं कोणी नव्हतं.

मूर्ख साला. दोन हूक दिलेत, दोन लावायचे. गाढवाला पण कळतं.

आता असला डबड्याचा किस्सा शिकलेल्या बाईला सांगतात का? काय म्हणेल, कसली माणसं आहेत ही. त्या काय म्हणतील याच्याशी मला काही देणंघेणं नाही, पण बाईमाणसासमोर बोलायची काही रीत असते. मी सांगितलं, आम्ही कामाचंच बोलत होतो, सेफ्टीबद्दल. मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "त्याच्या घरी जाऊन आलात?"

मंगळ्याची वाडी वर डोंगरात आहे. तिथं घरात बहीण तेवढी. मी म्हटलं, चिखल आहे, रस्ता नाही.

३० जुलै, बुधवार

जुना शर्ट बगलेत फाटला होता म्हणून खोपोलीहून नवा आणला. आकाशी. फाटला म्हणून, दुसरं काही नाही.

निघताना आई ओट्यावरून बघत होती. "मंगळवारी पाऊस असू दे नायतर ऊन, तुझी दाढी वाढलेली. बुधवार आला की गुळगुळीत. कशाला रं?"

"डॉक्टरकडं जातोय."

"डॉक्टर दाढी तपासतो?" मग जरा थांबून, "दार लावून घेते का रं ती?"

"आये, गप."

"मी गप बसन. गाव बसंल का? तरणी पोरगी, बिनलग्नाची. तू बी तसलाच घोडा. तासभर काय बोलता?"

काय बोलतो ते मला तरी कुठं ठाऊक आहे! आज तर मी टॉवरवरून सूर्य कसा दिसतो ते सांगितलं. त्यांना आवडलं असावं, वहीत काहीतरी लिहिलं. पण लगेच विचारलं, "हे छान सांगता तुम्ही. मग जे छान नाही ते?" सरळ माणसासारखं बोलायचंच नाही, असं बहुतेक यांना कॉलेजात शिकवतात.

९ ऑगस्ट, शनिवार

आईनं नाक कापलं. माझं, तिचं, सगळ्या गावाचं.

सकाळीच ठेवणीतलं लुगडं नेसली आणि म्हणाली, चल, गाडी काढ. कुठं? तर भिसेगावात. ताटलीत हळदकुंकू, पेढे, निरांजन आणि राखी. लाल, मधे सोनेरी चकतीची. मी नको नको म्हणत होतो, पण आईसमोर कोणाचं चाललंय?

मॅडमचा एक पेशंट निघत होता. त्यांनी आम्हाला दारातच पाहिलं. ताटलीकडे पाहून त्यांचा चेहरा जरा उतरला.

आई म्हणाली, "बाय माझे, याला बहीण नाय. तुमी एवढं तासतास त्याचं ऐकून घेता, सख्खी बहीण बी ऐकत नाय. आज पोर्णिमा हाय. दोरा बांधा, म्हंजे लोकांची तोंडं बी बंद आन् माझा जीव बी खाली."

मॅडम म्हणाल्या, "आई, बसा ना. पाणी घ्या. पण हे मला नाही करता येणार."

"का वो? करटोली बी नाय घेतली. आमच्या घरात काय खोट हाय?"

"खोट नाही. तसं काही मनात आणू नका."

आवाज ऐकून गोपाळकृष्ण सर आले, मागून विमलताई. सर म्हणाले, "अगं, दोराच तर आहे ईशानी. बांध आणि मोकळी हो."

विमलताई म्हणाल्या, "माणसं एवढ्या लांबून आलीत. सणासुदीचं परत पाठवायचं का?"

"आई, बाबा, तुम्ही दोघं आत जा. हा माझ्या कामाचा प्रश्न आहे." मॅडमची माघार नाही. मग आमच्या आईचे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "तुमची काळजी मला कळते. पण वाल्मिकना माझी बहीण म्हणून गरज नाही."

आईनं हात सोडवून घेतले. राखी उचलून कमरेला खोचली. "चल रं," म्हणाली. गाडीवर मागे बसून कुंभिवलीपर्यंत एक शब्द नाही. आणि ओट्यावर पाय ठेवला तो शेजारणीला सगळं सांगूनच आत आली.

१० ऑगस्ट, रविवार

धाकलूकडे गेलो. धाकलू म्हणजे माझा शाळेतला दोस्त, हायवेला पंक्चरचं दुकान आहे. अक्कल टायरएवढीच, आतून पोकळ. पण सांगायला दुसरं कोण आहे?

त्यानं ऐकलं आणि हातातला पाना खाली टाकला. "वाचलास भावा!"

"काय वाचलास?"

"अरं येड्या, राखी नाय बांधली! आमच्या वैशालीनं त्या टेंपोवाल्याला राखी बांधायला नकार दिला होता, आठवतं? सगळे शिव्या देत होते. पुढल्या मे महिन्यात लगीन. आता दोन पोरं हायत."

"गप रं. ती डॉक्टर हाय."

"डॉक्टरला मन नसतं? ती काय बोलली, परत सांग."

"बहीण म्हणून गरज नाय, बोलली."

"बहीण म्हणून! बहीण म्हणून नाय, तर कशी म्हणून? तूच बोल आता."

मूर्ख आहे धाकलू. पण आईबापासमोर, सगळ्यांचा शब्द मोडून ती नाही म्हणाली, हे तर खरं ना? शेंबड्या पोराला पण याचा अर्थ लागेल. आणि त्या दिवशी पावसात शिडी धरून उभी होती. पोटातून आल्याशिवाय माणूस भिजतो का?

मी काही वेडा झालो नाही. अशा पोरी मी खूप पाहिल्यात. पण आता कळतंय, हसताना ती हसू का आवरायची ते.

१३ ऑगस्ट, बुधवार

केस कापून, आकाशी शर्ट इस्त्री करून गेलो. आयुष्यात इस्त्री पहिल्यांदा.

मी बसायच्या आधीच मॅडम म्हणाल्या, "आज मला एक महत्त्वाचं बोलायचं आहे."

मला वाटलं, आलं.

म्हणाल्या, "पुढचं काम मी करू नये असं मला वाटतं. खोपोलीत माझ्या ओळखीचे एक सर आहेत, आबाजी सर. खूप वर्षं कारखान्यातल्या माणसांबरोबर काम केलंय. मी त्यांच्याशी बोलते, अर्थात तुमची हरकत नसेल तर."

"माझं काय चुकलं?"

"तुमचं नाही, माझं. पत्रा गळला त्या दिवशी मी तुम्हाला वर चढू द्यायला नको होतं. चढलात, तर नंतर घरात नेऊन बसवायला नको होतं. तिथून सगळं मिसळलं."

"पण चढलो ना! हात नाय चिकटले!"

"माझ्यासाठी चढलात," त्या म्हणाल्या. "टॉवरवर मी नसेन."

मी म्हटलं, "मग राखी का नाय बांधली? सांगा. तुमीच नाय बांधली."

त्यांनी वही मिटली. "बहीण झाले असते, तर तुम्ही मला बरंचसं सांगितलं असतं. पण सगळं नसतं सांगितलं. बहिणीला कोण सगळं सांगतं?" मग म्हणाल्या, "आणि तुम्हाला जे वाटलंय ते झालं असतं, तर काहीच सांगितलं नसतं."

"मला काय वाटलंय?"

त्यांनी माझ्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं. हसल्या नाहीत, रागावल्या पण नाहीत. शर्टाची कॉलर मला मानेला करवतीसारखी लागायला लागली.

मी कागद मागितला. म्हणाल्या, "आत्ता दिला तर खोटा होईल. तो काय बोलत होता, ते तुम्ही अजून सांगितलेलं नाही."

मी उठलो. घड्याळात माझा वेळ बाकी होता. राहू दे त्यांनाच, भिजलेल्या टिशूसारखा वाळवून वापरतील.

१४ ऑगस्ट

पगार घेऊन माया करणाऱ्यांची एक जात असते. नर्स असते, कस्टमर केअरवाली गोड आवाजाची बाई असते, त्यातलीच ही. फरक एवढाच की नर्स निदान पट्टी तरी बांधते. पत्रा नीट करून दिला तर माफी मागते! आमच्याकडे पत्रा नीट करणाऱ्याला जेवू घालतात आणि विषय संपतो.

धाकलूला सांगितलं. तो म्हणाला, "लाजली असंल."

त्याच्या दुकानातला पाना उचलून त्याच्याच डोक्यात घालणार होतो.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

कुठं गेलो नाही, काही लिहिलं नाही. आई दिवसभर अंगणात येईल त्याला राखीची गोष्ट सांगते आणि दर वेळी मॅडमचं नाक थोडं लांब होतं. काल एकीला म्हणाली, "पोरगी माझ्या पोरावर टपली होती म्हनून दोरा नाय बांधला." मी ओरडलो, "आये, तसं कायच नाय!" सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. त्या बघण्यानं तसं होतंच असं ठरलं. भिसेगावपर्यंत हे जायला किती वेळ लागतो? मॅडमच्या दारात उद्यापासून पेशंट कमी होतील, आणि त्या कोणाला खरं सांगायला पण जाणार नाहीत. असला धंदा कशाला करायचा, ज्यात स्वतःची बाजू पण सांगता येत नाही?

सुपरवायझरचा फोन आला. "वाल्मिक, सप्टेंबर अखेर गँग निघणार. कागद आण, नाहीतर तुझ्या जागी दुसरा."

म्हणजे खोपोली.

२५ ऑगस्ट, सोमवार

आबाजी सर म्हणजे म्हातारा. ईशानी मॅडमची खोली निदान स्वच्छ होती. इथं गल्लीत, पिठाच्या गिरणीच्या वर, जिना चढताना अंगावर पीठ. शर्टाची दोन बटणं तुटलेली, तोंडात लवंग, छातीत घरघर. टिशू नाही, झाड नाही. घड्याळ आहे ते बंद आहे. याच्यासमोर दाढी कशाला करायची?

"बस," म्हणाला. मी बसलो. तो पण बसला. बोलेचना. गिरणी चालू, खालून पट्ट्याचा आवाज. मला वाटलं झोपला. मी उठायला गेलो तर म्हणाला, "अजून वेळ आहे." परत गप्प.

असं नुसतं बसायचं असेल तर मी पण हा धंदा करतो.

८ सप्टेंबर, सोमवार

गणपती झाले. परत गेलो. परत तो बसलेला, लवंग चघळत. मला इतका वैताग आला त्या थोबाडाचा, की म्हटलं याला एकदाच हाणतो. याला बरं वाटावं, वाईट वाटावं, माझ्या बापाचं काय जातं?

म्हटलं, "किस्सा सांगू? घाण हाय."

"सांग."

सांगितला. जावई, जेवण, डबडं, झुडूप, सासरा. अगदी मंगळ्यासारखा आवाज काढून. म्हातारा हसला. असा हसला की खोकला लागला, डोळ्यातून पाणी. "कोण हाय रं तिकडं?" इथं तर मांडीवर थाप मारली. मग हसू ओसरलं आणि म्हणाला, "मग? जावई काय म्हणाला?"

"माहीत नाय."

"अर्धाच किस्सा?"

"अर्धाच."

तेव्हा त्याला कळलं. मला पण तेव्हाच कळलं की मी एप्रिलपासून कान तसाच वळवून बसलोय. मग जे झालं ते मी लिहिणार नाही. गिरणी चालू होती म्हणून खालच्या माणसांना ऐकू गेलं नाही, एवढं बरं. म्हाताऱ्याकडे टिशू नव्हते. त्यानं टेबल पुसायचं फडकं दिलं. चहाचा वास मारत होतं. तेच वापरलं.

निघताना म्हणाला, "हे ईशानीला का नाही सांगितलंस?"

मी म्हटलं, "तिला काय वाटलं असतं?"

म्हातारा नुसता मान हलवत राहिला. मला त्याचं ते मान हलवणं आवडलं नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

वाडीवर गेलो. गाडी खाली ठेवली, वर पायी. चिखल होता, पण रस्ता अगदीच नाही असं नाही.

मंगळ्याची बहीण हिरू अंगणात वरी पाखडत होती. मला तिनं लगेच ओळखलं. मोबाईलमध्ये मंगळ्यानं माझा फोटो दाखवला असेल. तिनं पाणी दिलं. मी पाणी पिऊन संपवलं. परत दिलं, ते पण संपवलं.

मग विचारलं, "तो एक किस्सा सांगायचा. जावयाचा आन् सासऱ्याचा. डबड्याचा."

हिरूनं सूप खाली ठेवलं आणि तोंडाला पदर लावला. आधी वाटलं रडते. हसत होती.

"शेवटी जावई काय बोलतो?" मी म्हटलं. "मला ऐकायचा राहिला."

"त्याचा काय शेवट?" ती म्हणाली. "दर टायमाला येगळा सांगायचा. कधी जावई बोलायचा, मी अस्वल हाय. कधी पळून जायचा. एकदा तर सासराच पळाला. ऐकनारा कोन हाय बघायचा आन् तसा लावून द्यायचा."

म्हणजे एवढे महिने मी ज्याला अडकलो होतो, तो शेवट नव्हताच. भामटा.

निघताना खिशातून राखी काढली. लाल, सोनेरी चकतीची. आईनं देव्हाऱ्यामागे टाकली होती, ती उचलून आणली होती. हिरूनं हातात घेतली, उलटीपालटी करून पाहिली आणि परत दिली.

"यंदा आमच्यात सण नाय," म्हणाली. "घरातला मानूस गेलाय. पुढल्या वर्षी ये. हीच घेऊन ये."

दुसऱ्यांदा नाकारली राखी. पण या वेळी अर्थ विचारायला मी धाकलूकडे गेलो नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार

कागद मिळाला. आबाजी सरांचं अक्षर म्हणजे कोंबडी चालून गेल्यासारखं. चढायला ठीक आहे असं लिहिलंय, आणि खाली, महिन्यातून दोनदा फोन करायचा. ही वर शेपूट.

रेल्वेचं तिकीट काढायला कर्जतला गेलो होतो. बाजारात आज घट बसतात म्हणून झेंडूची गर्दी. तिथं ईशानी मॅडम. वाडीवरच्या एका बाईकडून करटोली घेत होत्या. मोसम संपत आलेला, त्यामुळे जून, पिवळी पडलेली करटोली. भाव पण केला नाही. आमची ताजी, फुकटची नाही चालली!

त्यांनी मला पाहिलं. मग पिशवीत बघायला लागल्या. ओळख दाखवली नाही. पण निघून पण गेल्या नाहीत. सुट्टे पैसे पर्समध्ये उगाच शोधत राहिल्या, भाजीवाली उरलेले पैसे परत द्यायला हातात धरून बसली असताना.

मला आठवलं, हे माझ्यावर आहे म्हणाल्या होत्या.

गेलो असतो सरळ. काय अडलं होतं? पण म्हटलं, "मॅडम."

लगेच वळल्या. "वाल्मिक! बरे आहात?"

"चाललोय परत. आईच्या बोलण्यानं तुमाला..."

"ते राहू द्या," त्या म्हणाल्या. "सांभाळून चढा."

एवढंच. करटोली कशी करायची ते सांगणार होतो, बिया काढायच्या, जून झाली की टणक लागतात. नाही सांगितलं. शिकतील चावून चावून.

९ ऑक्टोबर, राजस्थान

ही वही चुलीत टाकायची राहिली. इथं गॅस आहे.

आज चढलो. नवा जोडीदार जालन्याकडचा, सिद्धांत म्हणून. नाव एवढं मोठं आणि वर चढताना एकच हूक लावतो. मी खालून शिवी घातली. म्हणाला, टाईम जातो. मी म्हटलं, तुझा टाईम जाऊ दे, दुसरा लाव. लावला.

मधे एकदा हात घट्ट झाले. तिथं शिडी धरायला कोणी नव्हतं, पीठ नव्हतं, म्हातारा नव्हता. मी बोटांकडे बघत थांबलो. सिद्धांत वरून म्हणाला, "काय झालं?"

"काय नाय. किस्सा आठवला."

"सांग की."

एक बोट सोडलं. सांगायला लागलो. नवा जावई सासुरवाडीला जातो, दाबून जेवतो. दुसरं बोट. डबडं घेऊन रानात पळतो. हूक काढला, पुढं लावला, मग दुसरा काढला, पुढं लावला. सिद्धांत आत्ताच फिदीफिदी हसत होता, मूर्ख. सासरा झुडपामागून विचारतो, "कोण हाय रं तिकडं?"

"मग? जावई काय म्हणतो?"

मी त्याचे हूक बघितले. मग माझे.

"ते खाली उतरल्यावर," मी म्हटलं.